पायाळू सुनेची लाथ

मुरुमच्या खालच्या आळीत तान्हं पोर जरा जास्त वेळ रडलं की त्याची आई पदर खोचून धुरपदाबाईच्या ओसरीवर यायची. येताना तुरटीचा खडा घेऊन यायची. तुरटी ज्याची त्यानं आणायची, निखारे धुरपदाबाईचे, असा तिथला दंडक होता.

मीठ-मोहऱ्या पोरावरून उतरून झाल्या की धुरपदाबाई तुरटी निखाऱ्यावर ठेवायची. खडा आधी पाझरायचा, मग बुडबुडायचा, मग फुगून पांढराफेक होऊन काहीतरी वेडावाकडा आकार धरायचा. त्या आकारात नजर लावणाऱ्याचं तोंड दिसतं, हे आळीतल्या लोकांना आईच्या दुधाबरोबरच मिळालेलं ज्ञान होतं.

धुरपदाबाई कुणाचं नाव कधी घेत नसे. चिमट्यात खडा धरून तो उजेडात सावकाश फिरवायची, आणि फिरवताना खड्याकडं न बघता समोरच्या आईकडं बघायची. कुठल्या बाजूला आईचे डोळे थबकतात ते हेरून म्हणायची, "नाक बघ." एवढंच. आई लगेच म्हणायची, व्हय की, चुलत जावेचंच नाक. इतक्या वर्षांच्या अनुभवानं धुरपदाबाईला कळून चुकलं होतं की बाई नाव घरूनच घेऊन येते, तुरटीनं त्याला फक्त नाक पुरवायचं असतं. एकदा एका बाईनं खड्यात चक्क स्वतःच्या नवऱ्याचं तोंड ओळखलं. नवरा धुरपदाबाईचा पुतण्या लागत होता. तिनं घाईघाईनं खडा उलटा केला. उलट्या बाजूनं तो तलाठ्यासारखा दिसला आणि सगळ्यांचंच समाधान झालं.

विश्वासाचं म्हणाल, तर हलवायाचा जिलबीवर असतो तेवढा तिचा तुरटीवर होता. करायची असते, खायची नसते. दृष्ट काढण्याचं ती काही घेतही नसे. पण पोर मांडीवर निजलं की आई थोडा वेळ टेकायची, आणि टेकलेली बाई बोलते. कुणाची सोयरिक मोडली, कुणाच्या भावाभावांत वाटणीवरून लागलं, कुणाची सून माहेराहून परत यायला तयार नाही, हे सगळं आळीत पसरायच्या आधी धुरपदाबाईच्या ओसरीवर जमा व्हायचं. मग लग्न ठरवताना तिला विचारायचे, भांडण मिटवताना तिला बोलवायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा शिवलिंगप्पा अडतीवर मापाडी होता आणि घरी आला की तोंड मिटून भाकरी खायचा. त्या घराचा आणि निम्म्या आळीचा कारभार त्या निखाऱ्यांवर चालला होता.

त्यात सून आली. महादेवी आळंदकडची. लग्न ठरलं तेव्हा आळंद आणि मुरुम एकाच मुलखात होती. मग सरकारनं कागदावर एक रेघ ओढली आणि महादेवीचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं, सासर मुंबई राज्यात राहिलं. ती रेघ कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण मानली सगळ्यांनी. धुरपदाबाई तर सुनेवर रागावली की म्हणायची, परमुलखातली आणली, परमुलखासारखीच वागणार.

तसं वागण्यासारखं महादेवीनं काही केलं नव्हतं. ती फक्त हसायची. सासू तुरटी फिरवत असताना चुलीपाशी बसून तिला हसू यायचं आणि ते ती पदरात दाबायची. धंद्यातल्या माणसाला गिऱ्हाइकाच्या शिव्या चालतात, घरच्या माणसाचं हसू चालत नाही.

धुरपदाबाईची लेक लक्ष्मीबाई बाळंतपणाला आली होती. तिचं पोर एका सांजेला जे रडायला लागलं ते थांबेना. तुरटी फुलली. लक्ष्मीबाईनं विचारलं, कुणाची गं आये? त्या वेळी पहिल्यांदा आणि शेवटचं धुरपदाबाईनं आपला नियम मोडला. "हे नथीचं भोक दिसतंय न्हवं," ती म्हणाली, "आणि नाक हे असं बसकं." आळीत बसकी नाकं बरीच होती, पण त्या घडीला ओसरीवर एकच होतं.

तेव्हापासून महादेवी पाणवठ्यावर आली की बाया तान्ह्यांवर पदर ओढायच्या. रांगतं पोर तिच्याकडं निघालं की मागून कुणीतरी त्याला उचलून घ्यायचं. तिला स्वतःला अजून मूल नव्हतं, त्यामुळं लोकांना हिशेब जुळवायला फार वेळ लागला नाही. लक्ष्मीबाई तर स्वतःच्या पोराला तिच्या सावलीलाही फिरकू देईना.

आणि मग एक दिवस सायराबीकडं बांगड्या भरताना महादेवीनं सहज सांगितलं की ती पायाळू आहे. आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेली.

सायराबी शेजारची मन्यारीण. एका हाताला बांगड्या भरायला लागतो तेवढ्या वेळात तिच्याकडची बातमी आळीभर व्हायची. पायाळू माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते, हे कुणाला नव्यानं सांगायची गरज नव्हती. गावात एक पायाळू म्हातारा होता, तो मेल्यापासून मुरुमच्या पाठी वाऱ्यावर होत्या. त्याच आठवड्यात घाणेवाल्या गुंडाप्पाला उसण भरली. तो भिंत धरून धरून धुरपदाबाईच्या दारी आला, आणि आला तो धुरपदाबाईसाठी नव्हे. महादेवीनं पदर खोचला, डाव्या पायानं त्याच्या कमरेत एक लाथ घातली आणि गुंडाप्पा सरळ होऊन घरी गेला. जाताना हात जोडून गेला. परक्या बाईची लाथ खाऊन हात जोडणारा पुरुष आळीनं पहिल्यांदाच पाहिला.

मग रीघच लागली. ओसरीच्या एका टोकाला रडकी पोरं, दुसऱ्या टोकाला वाकडी माणसं. आता पाठीचं दुखणं पोराच्या रडण्यापेक्षा मोठं असतं आणि माणूस बरा झाल्यावर जास्त बोलतो. सोयरिकीच्या गोष्टी हळूहळू महादेवीच्या टोकाला सुरू व्हायला लागल्या. धुरपदाबाईच्या कानावर त्या आता शिळ्या यायच्या. तिला जेवण गोड लागेना. पण घरातल्या सुनेला पायाळू नाही म्हणावं तर कुठल्या तोंडानं? ती जन्मली तेव्हा ही तिथं थोडीच होती.

अशात शेंगांच्या दिवसांत ओसरीवर पडलेली एक शेंग उचलायला धुरपदाबाई वाकली आणि वाकलेलीच राहिली.

गरम विटेचा शेक झाला, वाळूची पुरचुंडी झाली, करडईचं तेल लसूण घालून चोळून झालं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लाल पाण्याची बाटली दिली, ती तिनं वास घेऊन म्हशीला पाजली. उसण हलेना. धुरपदाबाई काटकोनात फिरत होती. तिला माणसांचे फक्त पाय दिसत होते, आणि पाय बघून कुणाच्या मनात काय आहे ते ओळखता येत नाही. निखाऱ्यावर वाकलं की मागं सरता येत नव्हतं. दोन बाया रडकी पोरं घेऊन आल्या नि तशाच परत गेल्या.

सायराबी समाचाराला आली आणि भिंतीला टेकून म्हणाली, "धुरपदाक्का, दवा घरमेंच है, और तुमी गावभर ढुंडताव."

धुरपदाबाईनं आधी ऐकलंच नाही असं केलं. सुनेची लाथ खायची, तीही चारचौघांत, तीही मागून. त्यापेक्षा वाकडं मरण बरं. पण वाकून मरायलाही वेळ लागतो, आणि तेवढ्यात ओसरी सुनेच्या ताब्यात जाणार हे तिला वाकल्या-वाकल्याही स्वच्छ दिसत होतं. शेवटी ती बोलली.

"मारू दे. पन एक हाय. लाथ मारताना मारनाऱ्याच्या मनात राग नसावा. राग आसला, तर उसण त्येच्याच पाठीत जाऊन बसती."

सायराबीनं हे आजवर ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून, तो नियम धुरपदाबाईनं त्या भिंतीपाशी, त्या घटकेलाच घडवला होता. पण आपल्याला माहीत नसलेली रीत कुणी ठासून सांगितली की माणूस मान डोलावतो. सायराबी म्हणाली, "हौ, हमारी नानी भी यहीच बोलती थी." दिवे लागेपर्यंत आळीतल्या सगळ्यांच्याच आज्या हे सांगून गेल्याचं आठवायला लागलं.

धुरपदाबाईला वाटलं, पोरगी आता दचकेल. लाथ मारायचं नाकारील, नाहीतर फुलानं मारावं तशी मारील. काहीही झालं तरी लोक समजायचं ते समजतील.

महादेवी दचकली नाही. ती फक्त म्हणाली, "तुमी म्हनाल तवा, आत्याबाई."

तिघी-चौघींनी मिळून उद्याची पहाट ठरवली. शिवलिंगप्पाला त्याच पहाटे लोहाऱ्याला तातडीचं काम निघालं आणि तो पहिल्या एस.टी.नं पसार झाला.

तोंड न धुता, कुणाशी न बोलता, उंबऱ्यावर उभं राहायचं, अशी रीत. धुरपदाबाई दाराची चौकट धरून वाकून उभी राहिली. समोरच्या माळवदावर त्या दिवशी बऱ्याच जणांनी पहाटेच मिरच्या वाळत घालायला काढल्या होत्या. काहींच्या हातात तर मिरच्याही नव्हत्या. लक्ष्मीबाई पोर छातीशी धरून खांबाआड उभी होती. महादेवी मागं आली, तिनं नऊवारीचा घोळ आवरला आणि डावा पाय उचलला.

लाथेत राग होता की नव्हता ते सांगता येणार नाही. जोर होता. धुरपदाबाईच्या कमरेत काहीतरी कट् झालं आणि पावसाळ्यात फुगलेलं दार हिवाळ्यात अलगद लागावं तशी पाठ जागच्या जागी बसली. दुखणं गेलं. इतकं गेलं की तिच्या तोंडून हसूच फुटणार होतं.

ती सरळ होणार, तेवढ्यात तिला काल आपणच घडवलेला नियम आठवला. उसण गेली आणि सुनेला काही झालं नाही, म्हणजे सुनेच्या मनात राग नाही. सुनेचं मन स्वच्छ म्हणजे तिची नजर लागली नव्हती. नजर लागली नव्हती म्हणजे तुरटीत दिसलेलं नाक खोटं. आणि ते नाक खोटं, तर मग आजवरची सगळी नाकं? सरळ होण्यासाठी तिला फक्त पाठ उचलायची होती, पण त्या पाठीवर आता इतका संसार येऊन बसला होता की ती उचलेना.

"न्हाय गं," धुरपदाबाई कण्हली. "तशीच हाय."

माळवदावर कुजबुज झाली. म्हणजे सुनेच्या मनात काळं आहेच. पण मग उसण सुनेच्या पाठीत जायला हवी होती, आणि सून तर डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन समोरून ताठ चालत निघाली होती. मारणारीत गेली नाही, खाणारीची सुटली नाही. सायराबीनं यावर बराच विचार केला आणि निकाल दिला की एका लाथेनं कुणाचंच भागत नसतं, उद्या परत मारायला लागेल.

म्हणजे उद्या पहाटेपर्यंत धुरपदाबाईला असंच वाकून राहायचं होतं.

दुखणं असताना वाकून राहणं सोपं होतं. दुखणं गेल्यावर वाकून राहणं म्हणजे हमाली. दुपारपर्यंत तिच्या मांड्या भरून आल्या. एकदा ती चुकून डावीकडं वाकली, कालपर्यंत उजवीकडं वाकत होती. शेजारीण बघत राहिली तेव्हा म्हणाली, फिरती उसण हाय बाई ही.

दुपारी घर शांत झालं. महादेवी धुणं घेऊन गेलेली. लक्ष्मीबाई पोराला घेऊन आतल्या खोलीत निजलेली. धुरपदाबाईनं कानोसा घेतला, सरळ झाली, अंग ताणून दिलं आणि भूक लागली म्हणून पाटावर चढून, टाचा उचलून, उतरंडीच्या वरच्या गाडग्यातला गूळ काढायला हात घातला.

"सावकाश, आत्याबाई. उतरंड पडंल."

धुरपदाबाई आधी वाकली. मग हातातल्या गाडग्याकडं बघून परत सरळ झाली. आता वाकून उपयोग नव्हता.

"कवाधरनं उभी हाईस?"

"आत्ताच आले. पन ठावं हुतं सकाळीच. टाचेला कळतंय की, पाठ बसल्याली."

"मग तितंच का न्हाय बोल्लीस?"

महादेवीनं धुण्याचा पिळा खाली ठेवला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "म्या पायाळू न्हाय."

धुरपदाबाईच्या हातातलं गाडगं सुटता सुटता राहिलं.

"डोक्याकडनंच आले, समद्यांवानी. आईला इचारा पायजे तर."

"मग गुंडाप्पा कसा बरा झाला? माझी पाठ कशी बसली?"

"मला काय ठावं. तुमच्या तुरटीत माझं नाक कसं आलं, तसंच आसंल."

धुरपदाबाई पाटावरून उतरली आणि त्याच पाटावर बसली. आयुष्यभर दुसऱ्यांना खडा फिरवून दाखवला, आणि आज आपल्याच पाठीला कुणीतरी तो फिरवून दाखवला होता, आणि पाठीनं त्यात डोळे झाकून नाक बघितलं होतं. राग येण्यासारखी गोष्ट होती. तिनं राग शोधला, सापडला नाही. सापडलं ते भलतंच.

"डावाच पाय का?" तिनं विचारलं.

"उजवा म्हनले आसते, तर कुनी मानलं आसतं का?"

धुरपदाबाईनं मान हलवली. बरोबर होतं. तिच्याही तुरटीला उजवा हात कधी चालला नव्हता. तिनं गुळाचा खडा फोडला, निम्मा सुनेपुढं धरला.

"पन हे सोंग काढलंस कशापाई? हसायचीस की मला."

महादेवीनं गूळ घेतला, पण तोंडात घातला नाही.

"लेकरं तर कुनी जवळ देईना, आत्याबाई. म्हनलं, म्हातारी मानसं तरी येतील."

आतल्या खोलीत लक्ष्मीबाईचं पोर झोपेत कुरकुरलं. दोघींनी तिकडं बघितलं, आणि महादेवी पिळा उचलून दोरीकडं गेली.

त्या संध्याकाळी धुरपदाबाईनं शेंगा फोडता फोडता दोन्ही बाजू तोलून बघितल्या. सुनेचं सोंग आळीपुढं उघडं पाडता आलं असतं. पण मग गुंडाप्पा कशानं बरा झाला, हा प्रश्न उभा राहिला असता, आणि असे प्रश्न एकदा उभे राहिले की ओसरीच्या दुसऱ्या टोकालाही येऊन बसतात. एका पालातल्या दोन दुकानांतलं एक पेटवलं की दुसरं राहत नाही. आणि गप्प राहावं, तर रोज पहाटे लाथ. तशी लाथ तिला एवढी लागली नव्हती. लागलं होतं ते नाकाचं. तिनं शेंगांची टरफलं तीनदा चाळली, त्यात दाणा नव्हता हे माहीत असून.

दुसऱ्या पहाटे माळवदावर कालच्यापेक्षा जास्त मिरच्या होत्या. गुंडाप्पा घाणा सोडून आला होता, आपल्या लाथेची साक्ष द्यायला. धुरपदाबाई चौकट धरून वाकली. महादेवीनं घोळ आवरला, डावा पाय उचलला.

पाय अजून हवेतच होता, तोच धुरपदाबाई सरळ झाली. नुसती सरळ नाही, कमरेवर हात ठेवून मागं वाकून दाखवलं.

"गेली," ती म्हणाली.

महादेवीचा पाय तसाच राहिला. माळवदावरून कुणीतरी म्हणालं की लाथ लागलीच नाही. सायराबी म्हणाली, लागायची जरूरच नाही, पाय उचलला तेवढ्यानंच उसण घाबरली. याला गुंडाप्पानं लगेच दुजोरा दिला, त्याच्याही वेळी असंच झाल्याचं त्याला आता आठवत होतं.

"पोरीच्या मनात काळं न्हाय," धुरपदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "असतं तर उसण तिच्याच पाठीत बसली असती."

हिशेब सगळ्यांचाच होत होता. शेवटी तो खांबाआडून आला. "मग आये," लक्ष्मीबाई म्हणाली, "तवा तुरटीत ते नाक?"

आळीचे सगळे डोळे धुरपदाबाईवर आले. असे डोळे तिनं जन्मभर वाचले होते, कुणाला काय ऐकायचंय ते ओळखून तेच दिलं होतं. आताही तिला दिसत होतं, त्यांना दुसरं एक नाक हवं होतं. कुणाचंही चाललं असतं. समोरच्या माळवदावरच चार-पाच बसकी नाकं उभी होती, आणि एक हळूच पदरामागं गेलंही.

"म्याच चुकीचं वाचलं," धुरपदाबाई म्हणाली.

आणि कुणी पुढचं विचारायच्या आत ती खांबाआड गेली, लेकीच्या हातातलं पोर काढून घेतलं आणि नेऊन सुनेच्या कडेवर दिलं. लक्ष्मीबाईनं हात पुढं केले होते, ते तसेच राहिले. महादेवीला पोर धरायची सवय नव्हती. तिनं ते घागर धरावी तसं कमरेला घट्ट लावलं.

पोरानं तिच्या तोंडाकडं बघितलं, ओठ काढला आणि टाहो फोडला.

माळवदावरच्या माना पुढं आल्या. महादेवीचा चेहरा उतरला, तिनं पोर परत द्यायला हात सैल केले. धुरपदाबाईनं तिच्या कोपराला हात लावून ते तिथंच धरायला लावलं.

"भूक लागलीया त्याला," ती म्हणाली. "लक्ष्मे, पाजायला बस. तवर ही धरील."

एवढ्या पहाटे, तोंडंसुद्धा न धुता, भुकेची गोष्ट ऐकायला कोण आलं होतं? माळवदावरची माणसं थोडा वेळ तशीच थांबली, आणखी काहीतरी होईल म्हणून. मग एकेक जण मिरच्या गोळा करून उतरायला लागला, आणि उतरता उतरता गुंडाप्पाला आपली पाठ पुन्हा जराशी धरल्यासारखी वाटायला लागली.